आयडाबाईंचा रस्ता

मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून २०२३ साली मी शिकागोस गेले आणि ऑगस्टपासून डिसेंबर उजाडेपर्यंत तेथे राहिले. परत आल्यावर आमच्या दांडिया बाजारातल्या शेजारणींनी विचारायचे ते सारे विचारले. थंडी किती पडते, दूध कसे मिळते, अळीव तिकडे मिळाले का, जावई घरात कामाला हात लावतात का. मीही यथाशक्ति उत्तरे दिली. एक गोष्ट मात्र कोणाजवळ बोलले नाही. ती ओट्यावर बसून सांगण्याजोगी नव्हती. शिवाय ती सांगू लागले की बोट आपल्याच घराकडे वळते. आता मन थोडे निवले आहे, म्हणून लिहिते.

जावयांचे बिऱ्हाड शहराच्या अगदी मध्यावर, एकविसाव्या मजल्यावर. नातू महिन्याचा झाला तशी सकाळी त्याला बाबागाडीत घालून फिरवून आणण्याचे काम माझ्याकडे आले. तेवढीच मुलीला दोन तास झोप. पहिल्या दिवशी वाट चुकू नये म्हणून मी कोपऱ्यावरच्या पाटीचे नाव पाठ करून ठेवले. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते, आयडा बी. वेल्स, आणि त्यापुढे डी आणि आर ही दोन अक्षरे. मी समजले, बाई डॉक्टर असाव्यात. आपल्याकडे पदवी नावाआधी लावतात, तिकडे मागाहून लावीत असतील! आपल्या आनंदीबाई जोशीही १८८६ साली अमेरिकेतच डॉक्टर झाल्या. त्यांची आठवण होऊन मला त्या पाटीविषयी उगाच जिव्हाळा वाटू लागला. चार दिवस मी घरी ‘डॉक्टरीणबाईंच्या रस्त्याने जाऊन आले’ असे सांगत होते. पाचव्या दिवशी मुलीला हसू आवरेना.

‘अगं आई, ते डॉक्टर नव्हे, ड्राइव्ह. म्हणजे रस्ता.’

‘बरे, रस्ता तर रस्ता. पण मग बाई कोण?’

ते तिला सांगता येईना. ‘मोठ्या होत्या कोणी तरी. नाव बदलून थोडीच वर्षे झाली आहेत. ऑफिसात सगळे अजून काँग्रेसच म्हणतात.’

काँग्रेस म्हणजे आपली काँग्रेस नव्हे, त्या देशाचे विधिमंडळ. त्या रस्त्याला पूर्वी त्याचे नाव होते. लोक जुनेच नाव घेतात याचे मला नवल वाटले नाही. महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी बाग केली, तिचे नाव सयाजीबाग. पण बडोद्यात जन्मलेला मनुष्य तिला कमाटीबागच म्हणणार. तिकडे अलकापुरीत आर. सी. दत्त रोड आहे, ‘आर. सी.’ म्हणजे रमेशचंद्र, आणि हे थोर अर्थशास्त्रज्ञ बडोद्याचे दिवाण असतानाच १९०९ साली वारले, हे त्या रस्त्यावर दुकान असलेल्या किती जणांस ठाऊक असेल? मी स्वतः जन्मभर इतिहास शिकवला, तरी शाळेत मुलांना त्या पाटीखाली कधी नेले नाही. पाटी आपले काम करीत नाही, पाटीखाली उभे राहून विचारणारा लागतो.

विचारायला सोय होती. त्याच रस्त्यावर शहराचे मोठे ग्रंथालय आहे. १९८३ साली निवडून आलेले शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांचे नाव त्याला दिलेले आहे. नव्या नावाच्या पाट्यांचे अनावरण ११ फेब्रुवारी २०१९ रोजी याच इमारतीत झाले. बाबागाडी आत नेऊ देतात, नातू गाडीत असेपर्यंत झोपतो, आणि पुस्तक मागितले की तेथील बाई हसून आणून देतात. इतके सुख निवृत्त शिक्षिकेला पुरे. दोन महिने मी तेथे जाऊन वाचीत होते. वाचले त्यातले थोडे सांगते.

आयडाबाईंचा जन्म १६ जुलै १८६२चा, मिसिसिपी राज्यातल्या हॉली स्प्रिंग्ज या गावचा. आईबाप गुलाम, म्हणून जन्मतः त्याही गुलाम. वडील सुतारकाम करीत. पुढे यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ते याच कामाबद्दल. तेव्हा आयडाबाई अकरा वर्षांच्या होत्या. पुण्यात बसून जोतीरावांनी केलेला तो गौरव यथार्थच होता; पण बेड्या तोडल्या गेल्या त्याच प्रदेशात पुढे दोर कसे वळले गेले, ते लिहून ठेवण्याचे काम या मुलीच्या वाट्याला आले.

१८७८ साली पीतज्वराची साथ आली आणि आईवडील व तान्हा भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. नातेवाइकांनी बसून भावंडे वाटून घेण्याचे ठरवले. सोळा वर्षांची आयडा म्हणाली, वाटायची नाहीत, मी सांभाळते. तिने खेड्यातल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. पुढे मेंफिस शहराकडे आली.

तेथली आगगाडीची गोष्ट मी मुलीला जेवताना सांगितली. बाईंनी पहिल्या वर्गाचे तिकीट काढले होते आणि त्या बायकांच्या डब्यात बसल्या होत्या. गार्ड आला नि म्हणाला, तुम्ही पुढच्या डब्यात जा. पुढचा डबा म्हणजे विड्या ओढणाऱ्यांचा. त्या उठल्या नाहीत. त्याने दंड धरून ओढले, तेव्हा त्या त्याच्या हाताला कडकडून चावल्या! मग तो आणखी दोघांना घेऊन आला. डब्यातल्या सभ्य स्त्री-पुरुषांनी त्यांना बाहेर काढताना टाळ्या वाजवल्या. पुढच्या डब्यात बसण्यापेक्षा त्या खाली उतरल्या आणि परत जाऊन त्यांनी आगगाडीच्या कंपनीवर फिर्याद केली. १८८४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, पाचशे डॉलर भरपाई मिळाली. १८८७ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला आणि खर्च त्यांच्याच अंगावर घातला. वय तेव्हा पंचविशीच्या आत. शिक्षिकेची नोकरीही पुढे गेली, कारण कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा किती हलाखीत ठेवल्या आहेत ते त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले. नोकरीत असताना खात्याविरुद्ध लिहिणे म्हणजे काय, ते मास्तरकी केलेल्यांना सांगायला नको. मी तरी तीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही.

आता ज्या गोष्टीमुळे त्यांचे नाव झाले, ती. मेंफिसला टॉमस मॉस म्हणून त्यांचे स्नेही होते. पोस्टमनची नोकरी करून त्यांनी दोघातिघांच्या भागीदारीत किराणा मालाचे दुकान काढले. समोर एका गोऱ्याचे दुकान होते, त्याचे गिऱ्हाईक तुटले. कुरापती निघाल्या, रात्री गोळीबार झाला, मॉस आणि त्यांचे दोन साथी तुरुंगात पडले. ९ मार्च १८९२ रोजी पहाटेपूर्वी जमावाने तिघांना तुरुंगातून काढून गावाबाहेर नेले आणि गोळ्या घातल्या. शिक्षा कोणालाही झाली नाही. आयडाबाई मॉस यांच्या लहान मुलीच्या धर्ममाता होत्या.

अशा प्रकारांना तिकडे लिंचिंग म्हणत, आणि ते कशासाठी होतात याचे एक ठरलेले उत्तर होते: काळ्यांनी गोऱ्या बायकांवर अत्याचार केला म्हणून. बाईंनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की तोवर त्यांचाही त्यावर थोडाबहुत विश्वास होता. पण टॉमस मॉसने काय केले होते? दुकान चांगले चालवले होते. तेव्हापासून त्यांनी एकेक प्रकरण उकरायला घेतले. त्यांची पद्धत मला फार आवडली. आपले आकडे त्यांनी आपल्या माणसांकडून घेतलेच नाहीत. ‘शिकागो ट्रिब्यून’ हे गोऱ्यांचे मातबर पत्र दरवर्षी अशा हत्यांची यादी छापीत असे. तीच त्यांनी पुढे केली, म्हणजे फुगवून सांगितले असे कोणाला म्हणता येऊ नये. त्या यादीप्रमाणे एकट्या १८९२ साली २४१ माणसे मारली गेली, त्यांपैकी १६० कृष्णवर्णीय. आणि अत्याचाराचा नुसता आरोप तरी किती जणांवर होता? सुमारे तिसऱ्या हिश्शावर.

मेंफिसमध्ये त्यांचे ‘फ्री स्पीच’ नावाचे पत्र होते. त्यांनी लिहिले, जे शहर आपल्या जिवाचे रक्षण करीत नाही ते सोडून चला. हजारो लोकांनी गाठोडी बांधली. जे राहिले त्यांनी ट्रामने जाणे सोडले. ट्राम कंपनीचे अधिकारी विचारपूस करायला ‘फ्री स्पीच’च्या कचेरीत आले, त्यांना वाटत होते की ट्राम नुकत्याच विजेवर चालू लागल्या आहेत, तेव्हा हे लोक विजेला भितात की काय! दोन महिन्यांनी, बाई पूर्वेकडे गेलेल्या असताना, जमावाने छापखाना फोडला आणि परत आलात तर जीव घेऊ असा निरोप पाठवला. अशा रीतीने त्या मेंफिसच्या राहिल्या नाहीत, आणि पुढे शिकागोच्या झाल्या.

शिकागोत त्या आल्या तो सुमार आपल्यालाही परिचयाचा आहे. १८९३ साली तेथे जागतिक प्रदर्शन भरले, आणि त्याच्याच निमित्ताने सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद झाली, जीत स्वामी विवेकानंद बोलले. तेव्हाची इमारत आता कलासंग्रहालय आहे आणि तिच्यासमोरच्या तुकड्याला १९९५ साली स्वामीजींचे नाव दिले गेले. माझ्या मुलीच्या घरापासून बाबागाडी ढकलत वीस मिनिटांची वाट. मी तेथे जाऊन नमस्कार करून आले. ती पाटी तपकिरी आहे. तपकिरी पाटी म्हणजे मानाची. तिच्यावरून पत्ता बदलत नाही, टपाल जुन्याच नावाने येते. आयडाबाईंची पाटी हिरवी. हिरवी म्हणजे सरकारदरबारी, नकाशावर, पाकिटावर. हा भेद मला एका वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थांनी ग्रंथालयाच्या दारात समजावून सांगितला. ‘मानाची पाटी एक दिवस निघूही शकते,’ ते म्हणाले, ‘पण आता हिच्या नावावर लोकांची विजेची बिले येतात.’

त्या प्रदर्शनात विवेकानंदांना टाळ्या मिळत होत्या त्याच दिवसांत हैतीच्या मंडपात आयडाबाई एक पुस्तिका वाटीत होत्या. कृष्णवर्णीय अमेरिकन या प्रदर्शनात का नाहीत, हा तिचा विषय. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेले वृद्ध पुढारी हैतीचे प्रतिनिधी म्हणून तेथे होते, म्हणून त्या मंडपात जागा मिळाली. स्वतःच्या देशाच्या मंडपात नाही. पुस्तिकेतला एक मजकूर फर्डिनंड बार्नेट नावाच्या वकिलांचा होता. १८९५ साली बाईंनी त्यांच्याशी लग्न केले. माहेरचे आडनाव मात्र सोडले नाही, दोन्ही जोडून लावले.

चार मुले झाली. तान्ह्या मुलाला बरोबर घेऊन त्या व्याख्यानांना जात. १८९८ साली दक्षिण कॅरोलायनात फ्रेझर बेकर या कृष्णवर्णीय पोस्टमास्तराला जमावाने त्याचे घर पेटवून ठार केले, तेव्हा पाजते मूल कडेवर घेऊन त्या वॉशिंग्टनला अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या: अशा हत्यांविरुद्ध देशाचा कायदा करा. हे मी वाचीत होते तेव्हा गाडीतला आमचा तान्हा जागा होऊन रडू लागला, आणि एका तान्ह्यासाठी मला वाचनालयातून दोन वेळा उठावे लागते, याची मला लाज वाटली. ज्या कायद्यासाठी त्या गेल्या तो २९ मार्च २०२२ रोजी झाला, म्हणजे १२४ वर्षांनी. त्याला १९५५ साली मारल्या गेलेल्या एमेट टिल या शिकागोच्या चौदा वर्षांच्या मुलाचे नाव आहे. रस्त्याची पाटी कायद्याच्या तीन वर्षे आधी लागली, हे विसरू नये. पाटी सोपी असते.

सोपी तरी कशी म्हणावी? २०१८ साली नगरसभेत प्रथम जो रस्ता सुचवला गेला तो हा नव्हेच. दोन चौक दक्षिणेला बाल्बो ड्राइव्ह म्हणून रस्ता आहे. इटालो बाल्बो हा मुसोलिनीचा विमानमंत्री. १९३३च्या जागतिक जत्रेसाठी २४ सागरी विमाने घेऊन तो शिकागोच्या तळ्यावर उतरला आणि शहराने हुरळून त्याला एक रस्ता देऊन टाकला. (आपले सयाजीराव महाराजही त्याच उन्हाळ्यात शिकागोत सर्वधर्मपरिषदेला गेले होते. त्यांना रस्ता मिळाला नाही. विमाने नेली नव्हती.) काळ्या डगल्याच्या गुंडांचा जो पुढारी होता त्याचे नाव काढून, जमावाच्या गुंडगिरीविरुद्ध झगडलेल्या बाईचे लावावे, यात केवढे औचित्य होते! पण शहरातल्या इटालियन लोकांना तो त्यांच्या समाजाचा अपमान वाटला, विरोध झाला, आणि तडजोड निघाली. बाल्बो राहू द्या, काँग्रेसचे नाव बदला. काँग्रेसच्या बाजूने भांडायला कोणी नव्हतेच. २५ जुलै २०१८ रोजी ठराव झाला.

या तडजोडीचा मला प्रथम राग आला. मग त्या रस्त्यावरून रोज जाऊ लागले तसा राग जरा उतरला, कारण तडजोडीत बाईंना मूळ मागितलेल्याहून मोठा रस्ता मिळाला आहे. तळ्याकडच्या बागेपाशी तो सुरू होतो. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर दोन ब्राँझचे घोडेस्वार आहेत, अमेरिकेचे मूळ रहिवासी, एक धनुष्य ओढतो आहे, एक भाला फेकतो आहे. पण शिल्पकाराने धनुष्य आणि भाला घडवलेच नाहीत, ते आपण मनाने पाहायचे. पुढे १८८९ साली बांधलेले जुने नाट्यगृह लागते. रस्ता रुंद करताना त्याचा तळमजला कोरून पादचाऱ्यांसाठी वाट काढली, तेव्हा पावसात बाबागाडी भिजत नाही. मग ग्रंथालय. आणि शेवटी रस्ता सरळ जुन्या पोस्टाच्या अवाढव्य इमारतीच्या पोटातून आरपार जातो. पोस्टमन टॉमस मॉस आणि पोस्टमास्तर बेकर माझ्या मनात तेथे हटकून येत. योजणाऱ्यांच्या मनात ते नसणार. काही गोष्टी आपोआप जुळतात. शहराच्या मध्यवस्तीत कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव मिळालेला हा पहिलाच रस्ता.

बाईंच्या नावाचे आधीही काही होते, तेही सांगायला हवे. त्या २५ मार्च १९३१ रोजी वारल्या. १९४१ साली दक्षिण भागात त्यांच्या नावाची मोठी वसाहत झाली, सोळाशेंहून अधिक बिऱ्हाडांची. ती पुढे हलाखीला गेली आणि २००२ ते २०११च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने पाडली गेली. हजारो घरांच्या दारावर असलेले नाव पुसले गेले, तेव्हा त्यांच्या पणती मिशेल डस्टर यांनी ते पुन्हा कोठे तरी यावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. वसाहतीच्या जागी २०२१ साली शिल्पकार रिचर्ड हंट यांनी घडवलेले स्मारक उभे राहिले. बाईंचे आत्मचरित्र अपुरे आहे. ते वाक्याच्या नव्हे, शब्दाच्या मध्यावर थांबते. धाकट्या कन्येने, म्हणजे मिशेलबाईंच्या आजीने, ते तसेच १९७० साली छापवून घेतले. माझ्यासारख्या मास्तरणीने तो शब्द पुरा करून टाकला असता. तिने केला नाही, हे बरे केले.

आता त्या गोष्टीकडे येते, जी मी शेजारणींना सांगितली नाही.

आगगाडीचा प्रसंग मी मुलीला सांगितला त्या रात्री तिने विचारले, ‘आई, आपल्या बडोद्यात असे कोणी झाले का गं?’ मी म्हटले, वा, म्हणजे काय! आणि तीस वर्षे वर्गात सांगत आले ते सांगितले: सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या बुद्धिमान तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठवले, तो तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकला, पुढे त्याने देशाची घटना घडवली. सांगताना नेहमीप्रमाणे माझा ऊर भरून आला. महाराजांची तसबीर आमच्या माजघरात होती. ती शिष्यवृत्ती जणू आमच्याच घरातून गेली अशा थाटात आजोबा बोलत.

मुलगी म्हणाली, ‘मग शिकून परत आल्यावर ते बडोद्यात राहायला कुठे होते?’

तिला खरेच ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच लिहिलेली ती हकीगत मी मोठेपणी वाचली होती. शाळेत कधी सांगितली नव्हती. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते १९१७च्या सप्टेंबरात बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. हिंदूंच्या खाणावळीत, बिऱ्हाडात जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून वरच्या मजल्यावर अडगळीत, कंदिलाच्या उजेडात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळच्या आत निघून जा म्हणाले. दोघा परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला; एकाने सांगितले की तुम्ही घरात आलात तर आमचे नोकर निघून जातील, दुसऱ्याच्या घरून नकार आला. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. अमेरिकेत शिकून आलेला, संस्थानचा अधिकारी झालेला मनुष्य.

मी हे सांगितले आणि गप्प बसले. मुलीने बराच वेळ काही विचारले नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे पणजोबा तेव्हा नोकरीतच होते ना?’

होते. माझे माहेर आणि सासर एकाच गल्लीतले. माहेरच्या वाड्यात माडीवर रस्त्याच्या अंगाला एक खोली होती, तिला ‘पाहुण्यांची खोली’ म्हणत. कोकणातून, साताऱ्याकडून नोकरीच्या शोधात येणारे कितीतरी ब्राह्मणांचे मुलगे तेथे महिना-महिना राहून गेले. त्या आदरातिथ्याचे आमच्या घरात फार कौतुक. कोणी नसले तरी ती खोली बारा महिने झाडून, पाण्याचा तांब्या भरून ठेवलेली असे. आजोबांना कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, ते मला पुरते ठाऊक आहे. ते वाईट नव्हते. मला मांडीवर घेऊन त्यांनी मुळाक्षरे शिकवली. पण मेंफिसच्या गाडीत टाळ्या वाजवणारी माणसेही घरी नातवंडांना मांडीवर घेत असतील.

बाईंचे जुने घर पाहायला मी निघण्याच्या आठवड्यात गेले. दगडी, तीन मजली, दक्षिण भागातल्या एका रुंद रस्त्यावर. त्या रस्त्याचे नावही दोनदा बदलले. १९६८ पासून तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचा आहे. घरात दुसरेच कोणी राहते, त्यामुळे बाहेरूनच पाहिले. बर्फ भुरभुरत होते. जावई गाडीतून हाका मारीत होते, ‘आई, थंडी लागेल.’

बडोद्याला आल्यावर पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर २०२४ला, मी कमाटीबागेत गेले. त्या दिवशी लोक तेथे जमतात. जेथे बाबासाहेब बसले त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. मी त्या बागेत लहानपणापासून गेले आहे, संग्रहालय पाहिले आहे, मुलीला छोट्या आगगाडीत बसवले आहे. या दिवशी, या कोपऱ्यात कधी आले नव्हते. गर्दी होती. निळे झेंडे, पुस्तकांची दुकाने, झाडाखाली मेणबत्त्या. सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. जळगावाहून रात्रीच्या गाडीने आलो, म्हणाली. मी थकलेली दिसले म्हणून तिने मला सतरंजीवर जागा करून दिली आणि पाणी दिले.

‘आजी, तुम्ही कुठून आलात?’

‘दांडिया बाजारातून.’

तिला ते ठाऊक नव्हते. किती लांब आहे, तिने विचारले. मी हाताने दाखवले: हे बागेचे दार, मग पूल, मग जरा पुढे.

‘म्हणजे जवळूनच आलात,’ ती म्हणाली.

मी हो म्हटले.